इटलीतल्या जुन्या प्रोटेस्टंट दफनभूमीत एखाद्या इंग्रजाचं थडगं कसं शोधायचं?

इलाखेदार

नमस्कार मंडळी,

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातल्या अधिकाऱ्यांची यादी करतोय. त्यातले काही जण पेन्शनीत निघाल्यावर इंग्लंडात न रमता इटलीत जाऊन राहिले आणि तिथेच वारले. कागदावर मजकूर जेमतेम : "निधन, फ्लॉरेन्स, १८५५च्या सुमारास". एखाद्याबद्दल तर नुसतंच "इटली".

विचारायचंय ते असं. अशा माणसाचं दफन कुठल्या दफनभूमीत झालं असेल हे कसं ठरवायचं? नोंदी कुठे असतात? लेख झिजलेला असेल तर दगडाला धक्का न लावता तो वाचायचा कसा? आणि दगडावरची तारीख नि कागदावरची तारीख जुळली नाही तर कोणती धरायची?

दप्तरी

आधी साल बघा, मग गाव. निम्मं काम तिथेच होतं.

फ्लॉरेन्समध्ये १८२८च्या आधी कॅथलिक नसलेल्यांना पुरायला जागाच नव्हती. मृतदेह लिव्होर्नो बंदरात न्यावा लागे, जवळजवळ ९० किलोमीटर. तिथली जुनी इंग्रज दफनभूमी १८४०च्या सुमारास बंद झाली आणि नवी सुरू झाली, म्हणजे लिव्होर्नोतही दोन जागा तपासायच्या. फ्लॉरेन्समध्ये स्विस रिफॉर्म्ड चर्चने १८२७मध्ये पिंती वेशीबाहेर जमीन घेतली. लोक तिला इंग्रज दफनभूमी म्हणतात, कारण पुरलेल्यांत इंग्रजच जास्त, पण मालकी आजही स्विस चर्चचीच. १८६५मध्ये फ्लॉरेन्स इटलीची राजधानी झालं, तट पाडले गेले, जुझेप्पे पोज्जीने रुंद रस्ते आखले आणि दफनभूमी रस्त्यांच्या मधोमध लंबगोल बेटासारखी उरली. शहराच्या हद्दीत दफन नको म्हणून १८७७मध्ये ती बंद झाली. त्यानंतरचा माणूस असेल तर सेनेसे रस्त्यावरची अल्लोरी दफनभूमी बघा.

तुमचा १८५५चा माणूस फ्लॉरेन्सला वारला असेल तर पिंतीच. पण उन्हाळ्यातला मृत्यू असेल तर बान्यी दी लुक्का विसरू नका. गरमीत अर्धी इंग्रज वसाहत तिकडे डोंगरात असायची आणि तिथे त्यांची स्वतंत्र दफनभूमी होती. नेपल्सला सांता मारिया देल्ला फेदेची जुनी दफनभूमी (गणिती मेरी सॉमरविल, निधन १८७२, तिथेच आहेत), रोमला तेस्ताच्चो भागातली.

आता नोंदी. पिंतीची दफन-नोंदवही फ्रेंचमध्ये आहे. 'विल्यम' शोधाल तर सापडणार नाही, 'गियोम' शोधा. जॉनचा ज्याँ, जेम्सचा झाक, ह्यूचा ह्यूग. इटालियन कागदात हाच विल्यम 'गुल्येल्मो' होतो, आणि आडनावातला पहिला 'एच' बऱ्याचदा गळतो, कारण इटालियन माणूस तो उच्चारत नाही. त्यामुळे ह्यूज आडनावाचा माणूस 'यू'च्या पानावरही बघायचा. 'मॅक'वाली आडनावं दोन तुकड्यांत लिहिलेली असतात, तीही दोन्हीकडे तपासा.

इंग्लंडात तीन ठिकाणं. जनरल रजिस्टर ऑफिसकडच्या वकिलाती नोंदी १८४९पासून आहेत, मात्र वकिलातीत मृत्यू नोंदवणं ऐच्छिक होतं, म्हणून नाव नसणं हा कसलाच पुरावा नाही. नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आरजी ३२ ते ३६ या मालिकांत परदेशातले जन्म, विवाह, दफन आहेत. परदेशातल्या चॅपलनांनी (इंग्रज पाद्र्यांनी) लंडनच्या बिशपकडे पाठवलेल्या नोंदी लंडन आर्काइव्ह्जमध्ये (पूर्वीचं लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्ह्ज) मिळतात.

पण माझं मत विचाराल तर सुरुवात मृत्युपत्रापासून करावी. १८५८पासूनच्या इंग्लंडच्या प्रोबेट यादीत (मंजूर मृत्युपत्रांच्या यादीत) मृत्यूची तारीख आणि गाव दोन्ही छापलेलं असतं. त्याआधीचा असेल आणि इंग्लंडात मालमत्ता असेल तर कँटरबरीच्या प्रेरोगेटिव्ह कोर्टाचे (मृत्युपत्रं मंजूर करणाऱ्या जुन्या चर्च-न्यायालयाचे) कागद, मालिका प्रॉब ११. पैशाचा प्रश्न असला की लोक तारखा काळजीने लिहितात.

कंपनीच्या माणसासाठी ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद आहेतच, पण एक खड्डा चुकवा. एन/३ ही मुंबई इलाख्याची चर्च-नोंद मालिका भारतात झालेल्या मृत्यूंची आहे. इटलीतला मृत्यू तिथे शोधत बसण्यात अर्थ नाही. त्याऐवजी पेन्शन फंडांच्या वह्या (एल/एजी/२३) काढा. विधवेचं पेन्शन कधी सुरू झालं यावरून मृत्यूचा काळ नक्की होतो. 'ॲलन्स इंडियन मेल' या नियतकालिकात भारतातून परतलेल्यांच्या मृत्यूच्या दोन-दोन ओळी येत, त्याही चाळा.

मृत्यू १८६६नंतरचा असेल तर काम फारच सोपं. इटलीत त्या वर्षापासून नगरपालिकेची मृत्युनोंद सर्वांना, धर्म कुठलाही असो, लागू झाली. रोममध्ये ती १८७०नंतर आली. बऱ्याच वह्यांची छायाचित्रं 'आन्तेनाती' या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत.

संगमरवर

दगडाबद्दल मी लिहितो.

थडग्याकडे जाण्याआधी जुनी नक्कल शोधा. पिंतीतले इंग्रजी लेख १९०८च्या सुमारास 'नोट्स अँड क्वेरीज' या नियतकालिकात छापले गेले होते. तेव्हा जे वाचता येत होतं त्यातलं कितीतरी आज गेलंय. ती नक्कल हातात घेऊन दगडासमोर उभं राहिलं की नुसत्या अर्ध्या अक्षरावरूनही शब्द पटतो.

लेख का झिजतो हे कळलं तर काय करू नये हे आपोआप कळतं. कॅरारा संगमरवर म्हणजे कॅल्साइटचे एकमेकांत घट्ट बसलेले कण. ऊन लागलं की प्रत्येक कण एका दिशेने फुगतो आणि दुसऱ्या दिशेने किंचित आक्रसतो. दीडशे-पावणेदोनशे उन्हाळ्यांत सांधे सुटतात आणि पृष्ठभाग साखरेसारखा रवाळ होतो. अशा दगडावर ब्रश मारला की अक्षराच्या कडा पावडर होऊन खाली पडतात. जिथे पावसाचं पाणी पोचत नाही तिथे उलट प्रकार. धुरातल्या गंधकामुळे वर जिप्समचा काळा थर जमतो. त्याखाली लेख पुष्कळदा शाबूत असतो, पण तो थर काढणं हे संवर्धकाचं काम, आपलं नव्हे.

त्यामुळे व्हिनेगर, लिंबू, फरशी साफ करायचं ॲसिड यांचं नावही नको, कॅल्साइट विरघळतो. ब्लीचने छिद्रांत क्षार उरतात, ते पुढे फुगून पापुद्रे काढतात. खडू किंवा दाढीचा फेस चोळायचे सल्ले इंटरनेटवर ढिगाने आहेत. फेसातली आम्लं छिद्रांत राहतात, खडूचे कण रवाळ दगडाला घासतात. कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेणंही सुटलेल्या दगडावर नको.

करायचं काय? उजेड तिरपा पाडायचा. दगडाच्या पृष्ठभागाशी १० ते १५ अंशांत प्रकाश आला की हलकीशी खाचही सावली धरते. दिवसा टॉर्चचा उपयोग नसतो, म्हणून एकाने काळी छत्री धरून आकाशाचा उजेड अडवायचा आणि दुसऱ्याने आरशाने बाजूने ऊन फेकायचं. ३० गुणिले ४० सेंटिमीटरचा आरसा पुरतो. कॅमेरा न हलवता डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून उजेड पाडून किमान आठ फोटो घ्या. उभी रेघ बाजूच्या उजेडात दिसते, आडवी वरच्या. एकाच फोटोवर समाधान मानणारे नेमके इथे फसतात.

फोन चांगला असेल तर ५०-६० फोटो, प्रत्येक आधीच्यावर ७० टक्के चढलेला, असे घेऊन त्रिमिती प्रतिकृती करा आणि मग तिचा रंग काढून टाका. शेवाळाचे डाग अक्षरांइतकेच ठळक असतात, रंग गेला की फक्त खोली उरते.

शिशाच्या अक्षरांचा एक भाग सांगायलाच हवा. कारागीर आधी अक्षर कोरतो, त्या खाचेत तिरपी छोटी भोकं पाडतो, वरून शिसं ठोकतो आणि घासून सपाट करतो. भोकं तिरपी अशासाठी की शिसं निसटू नये. तरी कालांतराने ते पडतं, कडा झिजतात, आणि दगडावर नुसती ठिपक्यांची रांगोळी उरते. ती वाचता येते! इंग्रजी 'आय'ला वर-खाली दोन भोकं, 'ओ'ला गोलाकार, 'टी'ला वरच्या रेघेत दोन-तीन आणि पायात एक. ट्रेसिंग कागदावर नव्हे, फोटोवर ठिपके जोडा. त्याच दगडावरच्या शाबूत अक्षरांत भोकं कुठे आहेत ते आधी बघून ठेवा, कारण प्रत्येक कारागिराची सवय वेगळी.

आकड्यांत ३ आणि ८, १ आणि ७, ५ आणि ६ यांची गल्लत ठरलेली. नंतर कुणी खाचेत रंग भरला असेल तर जास्तच संशय घ्या. रंगाऱ्याने ५चा ६ करून ठेवल्यावर तो सहा फार आत्मविश्वासाने चमकतो.

इलाखेदार

दोघांचेही आभार, हे खूपच उपयोगी आहे. पिंतीला असा मजकूर आहे : नावापुढे एच.ई.आय.सी.एस., मग "वयाच्या ४२व्या वर्षी". बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून हिशेब केला तर वय ४१ येतंय, आणि नोंदवहीतली तारीख दगडापेक्षा दोन दिवस पुढे आहे. दोन वेगळी माणसं तर नव्हेत?

पंचांगी

एकच माणूस असावा. एच.ई.आय.सी.एस. म्हणजे ऑनरेबल ईस्ट इंडिया कंपनीज सर्व्हिस. "४२व्या वर्षी" म्हणजे ४१ पूर्ण, बेचाळिसावं चालू. लॅटिन लेखांत 'एटाटिस सुए' नंतर येणारा आकडाही काटेकोर अर्थाने चालू वर्षाचा, पण कधीकधी पूर्ण वर्षांसाठीही वापरलेला दिसतो, म्हणून तिथे एका वर्षाची सूट ठेवावी. दोन दिवसांचा फरक बहुधा मृत्यू आणि दफन यांतला. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग २९ जून १८६१ला वारल्या, दफन १ जुलैला झालं. स्तंभाचं शीर्षक वाचल्याशिवाय नोंदवहीतली तारीख मृत्यूची धरू नका.

(पिंतीतल्या त्यांच्या थडग्यावर नाव नाही हेही सांगून ठेवतो. चित्रकार फ्रेडरिक लेटनने आखलेली, खांबांवर उचललेली ती संगमरवरी पेटी आहे आणि त्यावर फक्त ई.बी.बी. ही आद्याक्षरं नि १८६१. कोरलेला चेहरा त्यांचा नसून काव्यदेवतेचा आहे. नाव शोधत फिरणारे समोरून निघून जातात.)

एका दिवसाच्या फरकाला रोममध्ये आणखी एक कारण असतं. इंग्रज कवी कीट्स २३ फेब्रुवारी १८२१च्या रात्री अकराच्या सुमारास वारला, दगडावर २४ आहे. तिथे तेव्हा दिवस संध्याकाळच्या आवे मारिया प्रार्थनेच्या घंटेपासून मोजत, त्यामुळे रात्री अकरा म्हणजे पुढची तारीख, असा त्याचा उलगडा सांगतात. जुन्या रोममधला मृत्यू रात्रीचा असेल तर ही शक्यता तपासा. दफनंही तिथे अंधारात उरकावी लागत. कीट्सला २६ फेब्रुवारीला उजाडण्याआधी पुरलं.

रोमच्या दगडांबद्दल आणखी एक. १८७०पर्यंत, म्हणजे पोपची सत्ता जाईपर्यंत, कॅथलिक नसलेल्यांच्या लेखांना मंजुरी घ्यावी लागे. क्रूस चालत नसे, मृताला मुक्ती मिळाली असं सुचवणारं वाक्यही नाही. म्हणून जुन्या भागातल्या थडग्यांवर कलश, स्तंभ, तुटलेली वीणा असं दिसतं. धार्मिक मजकूर नाही यावरून माणूस नास्तिक होता असा निष्कर्ष काढू नका. आणि जुन्या दगडावर क्रूस दिसला तर तो नंतर बसवला असेल का, हे बघा.

शिवाय दगड आहे तिथेच माणूस असेल असंही नाही. इंग्रज कवी शेलीचा तीन वर्षांचा मुलगा विल्यम १८१९मध्ये रोमला गेला. १८२३मध्ये शेलीच्या अस्थींजवळ त्याला ठेवायचं म्हणून दगडाखाली खणलं तर मोठ्या माणसाचा सांगाडा निघाला. तेव्हा "दफन झालं" हे नोंदवहीवरून लिहा आणि "दगड आहे" हे दगडावरून. दोन्ही एका वाक्यात कालवू नका.

दप्तरी

पंचांगींना अनुमोदन. प्रत्यक्ष जाणार असाल तर थोडं व्यवहाराचं.

रोमला मेट्रोच्या बी मार्गावर पिरामिदे स्थानक. सेस्तियसचा पिरॅमिड समोरच दिसतो, पण फाटक तिथे नाही, वळसा घालून कायो चेस्तियो रस्त्यावर यावं लागतं. आत शिरून डावीकडे गेलं की जुना भाग, कीट्स आणि त्याच्या शेजारी त्याचा चित्रकार मित्र सेव्हर्न अगदी टोकाच्या कोपऱ्यात. शेली वर, ऑरेलियन तटाच्या पायथ्याशी, शेजारी त्याचा मित्र ट्रेलॉनी. ट्रेलॉनीने ती जागा १८२३मध्येच घेऊन ठेवली होती आणि १८८१मध्ये वापरली. संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो, विभाग आणि दगडाचा क्रमांक मिळतो. तो लिहून न्या, नुसत्या नावावर आत सापडत नाही. रविवारी दुपारीच बंद होतं. देणगी ऐच्छिक आहे, पण टाका.

फ्लॉरेन्सची पिंती दोनातेल्लो चौकात. वेळ मर्यादित असते आणि शनिवार-रविवार बंद, म्हणून आधी पत्र टाकून वेळ ठरवा. आरसा नि छत्री घेऊन काम करायचं तर परवानगी लेखीच मागा, आणि पत्रात "स्पर्श करणार नाही, फक्त उजेड" हे स्पष्ट लिहा.

भारताशी जोडलेली माणसं तिथे आणखीही सापडतील. लेखिका थिओडोशिया ट्रोलॉप (निधन १८६५) तिथेच आहे, तिच्या वडिलांची, जोसेफ गॅरो यांची, आई भारतीय होती. आणि फ्लॉरेन्सपर्यंत जाताच आहात तर काशिने बागेच्या पश्चिम टोकाला जा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज लंडनहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सला वारले. अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं, तिथे १८७४ची स्मारक-छत्री आहे. आतला अर्धपुतळा चार्ल्स फुलर या फ्लॉरेन्समध्येच राहणाऱ्या इंग्रज शिल्पकाराचा. दोनातेल्लो चौक शहराच्या दुसऱ्या बाजूला येतो, त्यामुळे दोन्ही एकाच दुपारी बसवू नका.

इलाखेदार

नोंदवहीचा स्तंभ पुन्हा बघितला, शीर्षक दफनाचंच आहे. आता पेन्शन फंडाच्या वहीची प्रत मागवतो.