दोरावरची पोर

देशमुखसाहेब, टीव्हीवरचे कला-कसरतींच्या स्पर्धांचे कार्यक्रम म्हणजे नुसता देखावा, हे तुमचं म्हणणं मला पटलं नाही. 'इंडियाज गॉट टॅलेंट'चं पहिलं पर्व २००९ मध्ये ओडिशाच्या प्रिन्स डान्स ग्रुपनं जिंकलं. त्यात मोलमजुरी करणारी पोरं होती. आमच्या दारव्हा तालुक्यातल्या गावात त्या रात्री टीव्हीपुढून कोणी हललं नव्हतं.

सलतं ते वेगळंच. कापूस घरात आला की आमच्याकडे डोंबारी यायचे. बांबूच्या दोन कैच्या, मधे ताणलेला दोर, त्यावर हातात आडवी काठी धरून चालणारी आठ-नऊ वर्षांची पोर. बाप खाली ढोलकी वाजवायचा, पण नजर सारखी तिच्या पायांवर. खाली ना जाळी, ना गादी. माय सुपात ज्वारी घालायची अन् म्हणायची, "लेकरू पडलं असतं म्हंजे?" तीच कसरत टीव्हीवर दिसली की परीक्षक उभे राहून टाळ्या देतात. त्या पोरीला शाळा मिळाली का, हे आम्ही कधी विचारलंच नाही.

बाकी, विदर्भाला कसरतींचं नवल नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. त्यांच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवले होते. तालुक्याला असा एक आखाडा अन् शिकवणारा माणूस मिळाला, तर पोरं मोबाइल लावून विहिरीत उड्या मारणार नाहीत.