मॅरेथॉनच्या आधी ग्लिसरीन किती प्यायचं? मदत हवी आहे, लवकर सांगा

मुलुंडचा_रनर: लोकहो, रविवारी मॅरेथॉनच्या सरावाचं लाँग रन आहे, त्याच्या आधी उत्तर हवंय. ग्रुपमधला एक जण सांगतो की धावायच्या आधी ग्लिसरीन पाण्यातून घेतलं की अंगात पाणी टिकून राहतं आणि पोटऱ्यांत गोळे येत नाहीत. मला शेवटी शेवटी फार गोळे येतात, पेडर रोडच्या चढावर तर पाय उचलत नाही. बाटली आणून ठेवलीय. किती चमचे घ्यायचं एवढंच सांगा, बाकी सगळं वाचलंय मी.

सविता_पार्ले: ग्लिसरीन फार गुणाचं आहे हो. समान गुलाबपाणी घाला, वरून लिंबू पिळा आणि रात्री टाचांना लावून मोजे घालून झोपा. माझ्या सासूबाईंच्या भेगा याच्यानेच भरल्या.

मुलुंडचा_रनर: ताई, प्यायचं विचारतोय, लावायचं नाही.

लालबाग_केमिस्ट: चमच्यावर काही ठरत नाही. वजन किती तुमचं? शुगर आहे का? कुठली गोळी चालू आहे का? आणि बाटली कुठली, लेबलवर आयपी (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधी दर्जाची खूण) लिहिलंय का?

मुलुंडचा_रनर: ७२ किलो. शुगर नाही. बाटलीवर 'फक्त बाह्य वापरासाठी' लिहिलंय, पण ग्लिसरीन ते ग्लिसरीनच ना? प्लीज आकडा सांगा कोणीतरी.

लालबाग_केमिस्ट: ती बाटली तोंडाला लावू नका, हात जोडून सांगतो. तुम्ही लहान असाल किंवा जन्मलेही नसाल, १९८६ साली आपल्याच मुंबईत जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं आणि १४ रुग्ण गेले. ते किडनी निकामी करतं. दिसायला, चवीला ग्लिसरीनसारखंच गोड आणि घट्ट, त्यामुळे प्यायल्यावर कळत नाही. न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला होता त्याच्यावर. या धंद्यातली आमची पिढी ते विसरलेली नाही, म्हणून लेबलचं विचारलं.

दौड_ठाणे: एवढं कशाला, ग्लिसरीन डोपिंगमध्ये येतं. वाडाने (जागतिक डोपिंगविरोधी संस्था) बंदी घातलीय. विषय संपला.

कांदिवली_४२के: अर्धवट माहिती देऊ नका. बंदी २०१० साली आली होती, १ जानेवारी २०१८ पासून यादीतून काढलंय. आता चालतं.

दौड_ठाणे: चालतं म्हणजे चांगलं असं नाही ना. मी फक्त मीठ-साखर-लिंबू पाणी पितो, आदल्या रात्री ताक. कधी गोळा आला नाही. लोकांना उगाच बाटल्यांच्या मागे लावता.

कांदिवली_४२के: मी कोणाला लावलेलं नाही, त्याने आकडा विचारलाय तर अभ्यासात वापरतात तो देतो. किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, आणि त्याच्यासोबत किलोमागे साधारण २५ मिली पाणी, धावायच्या तास-दोन तास आधी सावकाश प्यायचं. म्हणजे ७२ किलोला ८६ ग्रॅमपर्यंत, मापाने ६८ मिलीच्या आसपास, आणि पावणेदोन-दोन लिटर पाणी. नुसत्या पाण्यापेक्षा अर्धा लिटरच्या वर जास्त पाणी अंगात राहतं. पण तेवढंच वजनही पायांवर येतं, आणि कित्येकांना पोट फुगणं, मळमळ, डोकेदुखी, जुलाब होतात. रेसच्या दिवशी पहिल्यांदा तर अजिबात नाही. आणि मुख्य म्हणजे पायातल्या गोळ्यांवर हे औषध नाहीच, थकलेला स्नायू पाणी जास्त झालं म्हणून आखडायचा थांबत नाही.

दौड_ठाणे: गोळे मीठ कमी झाल्यानेच येतात.

कांदिवली_४२के: प्रत्येकाचे नाही. बऱ्याचदा सवयीपेक्षा जास्त पेस (वेग) धरला की येतात. हा पहिले पाच किलोमीटर किती जोरात पळतो ते विचारा आधी.

बायोकेम_मॅडम: कॉलेजात शिकवते म्हणून थोडं सांगते. ग्लिसरॉल बाहेरचं काही नाही, आपल्या चरबीच्या प्रत्येक रेणूचा कणाच तो आहे. लांब धावताना चरबी फुटते तेव्हा ते रक्तात सुटतं, चरबीच्या पेशी ते फारसं वापरू शकत नाहीत, म्हणून यकृताकडे जातं आणि तिथे त्याची साखर बनते. म्हणूनच केमिस्टनी शुगरचं विचारलं, ते अगदी बरोबर होतं. बाहेरून भरपूर घेतलं की ते अंगातल्या पाण्यात पसरतं, किडनी ते परत शोषून घेते आणि त्यासोबत पाणीही, म्हणून लघवी कमी होते. मेंदूत आणि डोळ्यात मात्र ते हळू शिरतं, त्यामुळे तिथलं पाणी बाहेर ओढलं जातं. डोकेदुखी त्यातूनच येते, आणि काचबिंदूच्या झटक्यात डोळ्याचा दाब उतरवायला डॉक्टर ग्लिसरॉल पाजायचे तेही याच गुणामुळे.





लालबाग_केमिस्ट: मुलुंडकर, गोळीचं उत्तर राहिलं तुमचं.

मुलुंडचा_रनर: बीपीची एक आहे सकाळची. त्याचा काय संबंध? टेल्मिसार्टन आणि पुढे हायड्रो का काहीतरी लिहिलंय.

लालबाग_केमिस्ट: संबंध तिथेच आहे! ते हायड्रोक्लोरोथायाझाइड, लघवीवाटे पाणी आणि सोडियम-पोटॅशियम बाहेर काढणारं. वरून मुंबईचा घाम. गोळे त्यातूनही येऊ शकतात. त्यावर तुम्ही दोन लिटर पाणी पिऊन ते अंगात अडवणार म्हणजे रक्तातलं सोडियम आणखी पातळ, आणि ते फार खाली गेलं तर चक्कर, फिट, माणूस बेशुद्धही पडतो. गोळी स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांना सांगा की मॅरेथॉन पळतोय, आणि सोडियम-पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते कळतं) तपासून घ्या. साधी रक्ताची तपासणी आहे.

मुलुंडचा_रनर: डॉक्टरांना धावतो हे माहीतच नाही, कोणी विचारलं नव्हतं. उद्या संध्याकाळी जातो. मग रविवारी लाँग रन करू की नको?

कांदिवली_४२के: रिपोर्ट येईपर्यंत हळू आणि कमी. तहान लागेल तसं प्या, बळेबळे नाही.

सविता_पार्ले: माझ्या वडिलांना शुगर आहे आणि बद्धकोष्ठासाठी ग्लिसरीनची सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची वडी) दिलीय. वरचं वाचून घाबरले, त्याने साखर वाढेल का?

बायोकेम_मॅडम: ताई, ती गुदद्वारातच पाणी ओढून काम करते, प्रमाणही थोडं असतं. पिण्यासारखा तो प्रकार नाही. दिली असेल तशी वापरा, रोजची सवय होत असेल तर मात्र डॉक्टरांशी बोला.