बॉबी टेबल्स, डिलबर्ट आणि आमच्या आडनावातलं चिन्ह

रात्रपाळी

मत आधीच सांगून टाकतो. प्रोग्रामरच्या कामावर जितकी व्यंगचित्रं निघाली, त्यांत रँडल मन्रोच्या एक्सकेसीडी या इंटरनेटवरच्या चित्रमालिकेच्या जवळपासही कोणी नाही. ऑफिसच्या कारभारावरची चित्रपट्टी डिलबर्टसुद्धा नाही.

२००५ पासून हा माणूस काड्यांची माणसं काढतोय, ज्यांना नाक-डोळेही नाहीत. पण तो कामाच्या आत शिरतो. क्रमांक ३०३ आठवा: दोघं ऑफिसच्या खुर्च्यांवर चढून तलवारी खेळताहेत, साहेब ओरडतो, उत्तर येतं ‘कंपाइल होतंय’ (लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल असा होतोय, तोवर थांबावं लागतं), आणि साहेब म्हणतो, बरं, चालू द्या. मोठा बिल्ड, म्हणजे अख्खा प्रोग्राम असा तयार होणं, संपायची वाट बघत ज्याने अख्खी दुपार काढली आहे त्याला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

त्याहून मोठं काम क्रमांक २३४७ ने केलं. ठोकळ्यांचा उंच मनोरा, म्हणजे आजची सगळी डिजिटल व्यवस्था, आणि खाली तो तोलून धरणारा एक बारीक ठोकळा: नेब्रास्कातला कोणीतरी २००३ पासून एकटा सांभाळत असलेला प्रकल्प, ज्याबद्दल त्याला कुणी धन्यवादही दिलेले नाहीत. हे चित्र २०२० चं. त्याआधी २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज, म्हणजे इतर प्रोग्राम वापरत असलेला तयार कोड, लेखकाने काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड कोसळले होते. पुढे मार्च २०२४ मध्ये फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या सॉफ्टवेअरमधली चोरवाट सापडली, तीही आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून! एक्सझेडही असाच जवळजवळ एकट्या माणसाच्या खांद्यावर होता. मी आमच्या वरिष्ठांना हा धोका आकडे देऊन सांगत होतो, कुणी ऐकेना. चित्र दाखवलं आणि त्याच आठवड्यात डिपेंडन्सीची, म्हणजे आपण ज्यावर विसंबून आहोत त्या दुसऱ्यांच्या कोडची, यादी तपासायला वेळ मिळाला.

डिलबर्टने असं काय शिकवलं?

जुनाजाणता

शिकवणं हे व्यंगचित्राचं काम कधीपासून झालं?

स्कॉट अ‍ॅडम्सने १९८९ मध्ये डिलबर्ट सुरू केलं तेव्हा तो पॅसिफिक बेल या टेलिफोन कंपनीत नोकरी करत होता, आणि पुढची बरीच वर्षं नोकरी सांभाळूनच तो चित्रं काढत राहिला. १९९३ मध्ये त्याने चित्रपट्टीतच आपला ईमेल पत्ता छापायला सुरुवात केली. लोक आपापल्या ऑफिसातल्या कहाण्या पाठवायला लागले आणि त्या चित्रांत उतरल्या. म्हणून तो टोकदार केसांचा साहेब आपल्यालाही ओळखीचा वाटतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अ‍ॅडम्स कृष्णवर्णीयांबद्दल जे बोलला ते हीन होतं. वर्तमानपत्रांनी डिलबर्ट बंद केलं, योग्यच केलं. पण नव्वदच्या दशकातली चित्रं त्यामुळे खोटी ठरत नाहीत.

बावीस वर्षांच्या नोकरीत कंपाइलरने मला एकदाही रडवलेलं नाही. रडवलं ते शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या मीटिंगने. सहा आठवड्यांचा अंदाज मी दिला, वरून तो तीनवर आणला गेला, आणि तीन आठवड्यांनी उशीर का झाला म्हणून मलाच विचारलं. एक्सकेसीडीत हा साहेब कुठे आहे? तुम्ही सांगितलेल्या ३०३ मध्ये तर तो ‘चालू द्या’ म्हणून निघून जातो. असा साहेब मला अजून भेटायचाय. काम म्हणजे नुसता कोड नव्हे. कोणाच्या शब्दाला वजन आहे, हाही कामाचाच भाग आहे.

सपोर्टताई

दोन्ही बाजूंचं वाचलं. मला या दोन्हींपेक्षा तिसऱ्याच प्रकाराचा राग आहे: ‘युजर किती मूर्ख’ छापाचे विनोद. सीडीच्या ट्रेवर कप ठेवणारी बाई वगैरे. नऊ वर्षं हेल्पडेस्कवर आहे, असे विनोद सांगणारे बहुतेक जण स्वतः फोन कधीच उचलत नाहीत. फोनवरचा माणूस घाबरलेला असतो, त्याचं काम अडलेलं असतं. या बाबतीत मी रात्रपाळींच्या बाजूची. २०११ चं पासवर्डचं चित्र घ्या. त्यात मन्रोने हिशेब मांडून दाखवलं की चिन्हं-आकडे घुसडलेल्या शब्दापेक्षा चार साधे शब्द फोडायला कठीण आणि लक्षात ठेवायला सोपे. दोष माणसाला दिला नाही, नियमाला दिला. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्ये चिन्हं-आकड्यांची सक्ती करू नका, असं सांगितलं. माझी आई आज चार मराठी शब्दांचा पासवर्ड वापरते आणि विसरत नाही.

वसईची

मन्रो कायम नियमाला दोष देतो हे मला पटत नाही. ३२७ घ्या, बॉबी टेबल्स. शाळेतून आईला फोन येतो. मुलाचं नाव असं ठेवलंय की त्यात अवतरण चिन्ह आणि पुढे विद्यार्थ्यांचा तक्ता उडवायची आज्ञा. त्या चिन्हापाशी नाव संपलं असं डेटाबेसला वाटतं आणि पुढचं तो आज्ञा म्हणून चालवतो. शाळेची वर्षभराची नोंद गेली. आई म्हणते, आता तरी इनपुट साफ करायला (बाहेरून आलेल्या मजकुरातली धोक्याची चिन्हं काढायला) शिका.

सगळे हसतात. माझं माहेरचं आडनाव डि'सोझा. बॉबीच्या नावातलं तेच चिन्ह आमच्या आडनावात पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि ‘साफ करा’ या सल्ल्याचं फळ आम्ही भोगतोय. फॉर्म भरला की लाल अक्षरांत ‘अमान्य अक्षर’. एका कागदावर चिन्ह आहे, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर त्या जागी मोकळी जागा. वडिलांच्या पेन्शनच्या वेळी तिन्ही नावांचा माणूस एकच आहे, असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं. वसईत आणि गोव्यात असं आडनाव असलेल्या कोणालाही विचारा.

मी स्वतः बॅकएंडला, म्हणजे पडद्यामागच्या डेटाबेसच्या बाजूला, काम करते. खरा उपाय साफसफाई नाहीच. पॅरामीटराइज्ड क्वेरी वापरा (क्वेरी म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा). आज्ञा वेगळी पाठवा, मजकूर वेगळा. मग नावात काहीही असू दे, डेटाबेस ते नाव म्हणूनच ठेवतो. चित्रातल्या सल्ल्यात नाव हाच धोका ठरतो. चूक आज्ञेतच नाव जोडून क्वेरी बनवणाऱ्याची होती.

रात्रपाळी

तांत्रिक मुद्दा शंभर टक्के मान्य. पण चार चौकटींच्या चित्राकडून संपूर्ण उपाय मागणं अन्याय आहे. नवीन मुलांना क्वेरी हाताने जोडण्याची भीती त्याच चित्राने घातली, आणि पॅरामीटर त्यानंतर शिकवता येतात. शिवाय ‘अमान्य अक्षर’ लिहिणाऱ्या किती जणांनी एक्सकेसीडी पाहिलं असेल?

जुनाजाणता

वर म्हणालात की चित्र दाखवल्यावर वरिष्ठांनी वेळ दिला. म्हणजे चित्राचा परिणाम होतो. मग चुकीच्या शब्दाचाही होणारच. श्रेय घ्यायचं आणि जबाबदारी सोडायची, असं चालणार नाही. आणि वसईची यांचं ते प्रतिज्ञापत्र तर सरळ डिलबर्टमधला प्रसंग आहे: नियम कोणी केला हे कुणालाच माहीत नाही, भोगतो समोरचा.

वसईची

रात्रपाळी, चित्र दाखवू नका असं मी म्हणत नाही. मलाही ते आवडतं. फक्त पुढच्या बॅचला दाखवाल तेव्हा चाचणीच्या नावांत बॉबीच्या शेजारी डि'सोझाही ठेवा. बॉबीने तक्ता उडता कामा नये, आणि डि'सोझा जसं भरलं तसंच, चिन्हासकट, गुणपत्रिकेवर छापून आलं पाहिजे. दोन्ही झालं तरच पास.

रात्रपाळी

ठेवतो. माझ्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत ‘इनपुट साफ करा’ असंच लिहिलंय, सहा वर्षं तेच दाखवतोय. सोमवारी नवी बॅच आहे, त्याआधी बदलतो.