क्लाउड चेंबर मुलांच्या हाती द्या

प्रयोगशाळा बघायला आलेली मुलं नुसती पोस्टरं वाचून परत जातात, अशी तक्रार असते, आणि ती अगदी खरी आहे. माझं आग्रहाचं मत: त्यांना क्लाउड चेंबर, म्हणजे न दिसणाऱ्या किरणोत्सारी कणांच्या वाटा अल्कोहोलच्या धुक्यात रेघांसारख्या दाखवणारा डबा, स्वतः जुळवू द्या. पाच-सहा जणांत एक पुरतो.

काचेच्या डब्याच्या तळाला आतून फेल्ट (जाड नमद्यासारखं कापड) बसवा. गोंद नको, अल्कोहोलने सुटतो; आत-बाहेर चुंबक लावा. फेल्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून डबा काळ्या धातूच्या पत्र्यावर उपडा ठेवा, कडा मातीने लिंपा. पत्र्याखाली ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंश सेल्सिअसचा. औषधाच्या दुकानातलं ७० टक्के अल्कोहोल चालत नाही, त्यातलं पाणी गोठतं.

दहा-पंधरा मिनिटं काहीच दिसत नाही आणि मुलं डबा हलवतात. तिथंच प्रयोग फसतो. टॉर्च बाजूने, पत्र्यालगत धरा, वरून नाही. आखूड जाड रेघ अल्फा कणाची, वेडीवाकडी बारीक रेघ इलेक्ट्रॉनची, लांब सरळ रेघ बहुधा म्युऑनची, म्हणजे अवकाशातल्या किरणांमुळे हवेत तयार होणाऱ्या कणाची. हे आधी सांगू नका, मुलांना चित्रं काढू द्या, मग विचारा.

ड्राय आइस मोठ्यांनीच हाताळावा, जाड हातमोजे घालून. खिडक्या उघड्या हव्यात, अल्कोहोलजवळ ज्योत नको. उरलेला ड्राय आइस घट्ट झाकणाच्या डब्यात कधीही ठेवू नका, डबा फुटतो.