सलग तीन रविवार गैरहजर राहिलेल्या भगिनीचे वाचन काढून घ्यावे का?

वास्कोवासी:
गोव्यातील वास्को परिसरात कामानिमित्त स्थायिक झालेली आम्ही काही मराठी भाषक कॅथलिक कुटुंबे दर रविवारी मिस्सेनंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) मराठीतून प्रार्थना आणि शास्त्रवाचनासाठी जमतो. सुरुवातीला लोक केवळ सणावारी येत, म्हणून आम्ही एक नियम केला की जो सदस्य सलग तीन रविवार येणार नाही, त्याच्याकडे पुढील सहा महिने वाचन किंवा प्रार्थनेचे नेतृत्व द्यायचे नाही. या नियमामुळेच मंडळ टिकले, हे मी मनापासून मानते.

आता तो नियम आमच्या एका भगिनीला लागू होतो आहे. त्या अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांची देखभाल करतात. रविवारी सकाळी त्यांच्या बदलीला कोणी नसते आणि आजोबांना कूस बदलायलाही माणूस लागतो. आमच्या हजेरीवहीत त्यांच्या नावापुढे लाल शाईच्या फुल्या पडत गेल्या. त्या का पडत आहेत, याची चौकशी कोणी केली नाही. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा आजोबांना पेज भरवून, त्यांचे तोंड पुसून, त्या उशाशी बसून त्या दिवसाचे शुभवर्तमान मोठ्याने वाचत होत्या. त्यांच्या वाट्याचे प्रायश्चित्तकाळातले (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातले) वाचन काढून घ्यायचे की नाही, यावर समितीत मला मत द्यायचे आहे. अपवाद केला तर नियम पाळणाऱ्यांवर अन्याय होईल, असे काहींचे म्हणणे आहे. शास्त्राच्या आधारे कोणी मार्गदर्शन करील का?

फोंड्याचा वाचक:
ताई, मी प्रोटेस्टंट मंडळीतला आहे, पण हा प्रश्न आपल्या दोघांचाही आहे. लूकच्या शुभवर्तमानातील तेरावा अध्याय समितीत वाचून दाखवा. अठरा वर्षे कमरेत वाकलेल्या स्त्रीला येशूने शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या पवित्र दिवशी, बरे केले, तेव्हा सभास्थानाच्या (यहुदी प्रार्थनागृहाच्या) अधिकाऱ्याला राग आला; मात्र तो येशूला काही बोलला नाही. त्याने जमलेल्या लोकांना सुनावले की काम करण्यासाठी सहा दिवस आहेत, त्या दिवसांत येऊन बरे व्हा. हा माणूस दुष्ट होता असे मला वाटत नाही. जिने अठरा वर्षे सोसले, तिला आणखी एक दिवस थांबता आले असते, हा त्याचा हिशेब वरवर पाहता बिनचूक आहे, आणि नेमके तेच भयावह आहे. त्या हिशेबात वाकलेल्या स्त्रीचा चेहरा कुठेच येत नाही. येशूने उत्तरादाखल त्यांचाच व्यवहार त्यांच्यापुढे ठेवला: शब्बाथ असला तरी तुम्ही आपला बैल किंवा गाढव गोठ्यातून सोडून पाण्यावर नेताच ना?

यावरून येशूला शब्बाथ नकोसा होता, असा अर्थ काढू नये. तो स्वतः त्या दिवशी सभास्थानात शिकवायला आला होता. शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नव्हे, हे मार्कच्या दुसऱ्या अध्यायातले वचन नियमाचे प्रयोजन सांगते. आपल्या हजेरीच्या नियमाचे प्रयोजन काय होते? उदासीन माणसाला जागे करणे. ज्या बाई आजारी माणसाच्या उशाशी शास्त्र वाचतात, त्यांच्यात कोणती उदासीनता आहे?

सासष्टीकर:
माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते कठोर वाटले तरी विचारात घ्यावे. दयेच्या नावाखाली नियम सैल झाला की त्याचा पहिला लाभ बहुतेक वेळा दुबळ्याला मिळत नाही. ज्याची समितीत ओळख आहे, ज्याची देणगी मोठी आहे, त्याची गैरहजेरी आपोआप समजून घेतली जाते, आणि ज्याला स्वतःची अडचण चारचौघांत मांडता येत नाही, त्यालाच नियम लागतो. अशा ठिकाणी सर्वांना सारखा असलेला लेखी नियम हीच गरिबाची ढाल असते. त्यामुळे ‘या बाई चांगल्या आहेत म्हणून त्यांना सूट’ एवढ्यावर निर्णय घेऊ नका. उद्या एखाद्या अबोल, फारशा न आवडणाऱ्या सदस्यावर हीच वेळ आली, तर त्यालाही तीच सूट मिळेल का, हे आजच ठरवा.

येशूनेही पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशांश (दहावा भाग देवाला) देणाऱ्या परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, दशांश सोडून द्या असे सांगितले नाही. न्याय, दया आणि विश्वास या नियमशास्त्रातल्या मुख्य गोष्टी करायच्या होत्या आणि दशांशासारख्या गोष्टीही सोडायच्या नव्हत्या, असे मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात स्पष्ट आहे.

जुन्या गोव्याचा:
सासष्टीकरांचा इशारा रास्त आहे, पण चर्चचा कायदा मुळात किती मोकळा आहे, हेही पाहावे. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २१८१ व्या परिच्छेदात रविवारच्या मिस्सेच्या बंधनातून गंभीर कारणासाठी सूट सांगितली आहे, आणि आजारपण व तान्ह्या बाळांचा सांभाळ ही त्याची उदाहरणे दिली आहेत. १९८३ च्या धर्मसंहितेतील (कॅथलिक चर्चच्या कायद्यातील) १२४५ वे कलम योग्य कारण असल्यास धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) गुरूंना सूट देण्याचा अधिकार देते, १२४८ वे कलम आदल्या सायंकाळची मिस्साही ग्राह्य धरते, आणि १७५२ वे म्हणजे अगदी शेवटचे कलम, आत्म्यांचे तारण हाच चर्चमधला सर्वोच्च नियम असल्याची आठवण करून देऊन संहिता संपवते. देखभालीसाठी थांबलेल्या या भगिनीला चर्च दोषी धरत नसेल, तर आपल्या मंडळाचा नियम चर्चपेक्षाही कडक ठरतो.

आपल्या भूमीत या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चार वर्षे वगळता, गोव्यात इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मविरोधी ठरवलेल्यांना शिक्षा करणारे चर्चचे, न्यायासन होते, आणि त्याच शहरात सांता काझा द मिझेरिकॉर्दिया हा बंधुसंघ दयेची कृत्ये हेच आपले व्रत मानून काम करत होता. दोन्हीकडची माणसे एकाच क्रूसापुढे गुडघे टेकत होती, हे आठवले की मला आजही अस्वस्थ व्हायला होते.

वास्कोकरांना तर सांकवाळ शेजारीच आहे. तिथे ज्यांचे पितृघर होते ते संत जोसेफ वाझ श्रीलंकेत गेले तेव्हा डच सत्तेने कॅथलिक उपासनेवर बंदी घातली होती. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, लोक आपल्याच माणसांना टाकून पळू लागले, तेव्हा त्यांनी रोग्यांना उचलून आणले, त्यांच्यासाठी निवारे उभारले आणि धर्म न विचारता त्यांची शुश्रूषा केली. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद जाहीर केले. आपल्या या भगिनी रविवारी सकाळी करतात ते काम याच जातीचे आहे. मत्तयच्या बाराव्या अध्यायात येशू म्हणतो की याजक मंदिरात शब्बाथ मोडतात, तरी ते निर्दोष असतात, आणि लगेच होशेय संदेष्ट्याचे वचन सांगतो: मला दया पाहिजे, यज्ञ नको. त्या खोलीतली त्यांची सेवा मी याजकांच्या त्या सेवेच्या रांगेत बसवीन.

वास्कोवासी:
सर्वांचे आभार. नियमातच ‘आजारी, वृद्ध किंवा बालकांच्या देखभालीमुळे आलेली गैरहजेरी मोजू नये’ हे वाक्य घालावे आणि ते सर्वांना लागू करावे, असा प्रस्ताव मी मांडणार आहे. फुली मारण्याआधी एकाने त्या घरी जाऊन यावे, हेही त्यात असेल.

सासष्टीकर:
अशा लेखी स्वरूपात माझा पूर्ण पाठिंबा आहे. मात्र ताई, नियम बदलून आपली जबाबदारी संपत नाही. त्या भगिनींना वाचन मिळेल, पण मिस्सा मिळणार नाही, आणि ती त्यांनाही हवी असणार. शनिवारी सायंकाळच्या मिस्सेच्या वेळी मंडळातल्या कोणीतरी आळीपाळीने आजोबांपाशी बसावे. घरच्यांची परवानगी घ्या आणि कूस कशी बदलायची ते आधी त्यांच्याकडूनच शिकून घ्या. पहिल्या शनिवारी मी मडगावहून येईन.