पायऱ्यापायऱ्यांच्या प्रेक्षकबैठकीला काय म्हणावं?

प्रश्न : एका क्रीडासंकुलाच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. त्यात ‘टियर्ड सीटिंग’ पानोपानी येतं. आधीच्या मसुद्यात कुणीतरी ‘श्रेणीबद्ध आसनव्यवस्था’ लिहून ठेवलंय. ‘गॅलरी’ लिहिलं तर चालेल का?

उत्तर : ‘श्रेणीबद्ध’ आधी खोडा. त्यातून तिकिटांचे वर्ग सूचित होतात, बसण्याची रचना नाही. ‘गॅलरी’ बोलताना बिनदिक्कत चालते, पण छापील मजकुरात घराची गॅलरी आडवी येते. ‘दीर्घा’ विधिमंडळाच्या बातम्यांतून ओळखीची झाली, मात्र दीर्घ म्हणजे लांब; चढ त्यात कुठेच नाही. ‘सज्जा’ भिंतीतून पुढे आलेला असतो, तो नाट्यगृहाच्या वरच्या मजल्याला शोभतो.

आणि इथे सगळं महत्त्व चढालाच आहे. मागच्याची नजर पुढच्याच्या डोक्यावरून जावी एवढ्यासाठीच हा खटाटोप. आराखडा करणारे मागच्याची दृष्टिरेषा पुढच्याच्या डोळ्यांच्या किती वरून जाते ते मोजतात. ९० ते १२० मिलिमीटर अंतर मिळालं तर चांगलं मानतात. ते शेवटच्या रांगेपर्यंत टिकवायचं तर वरच्या पायऱ्या खालच्यांपेक्षा उंच घ्याव्या लागतात. म्हणून मोठ्या मैदानांची बैठक सरळ उतारासारखी नसते, वर जाताना वळत वळत उभी होत जाते.

तेव्हा शब्दात पायरी हवीच. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेक्षकांच्या जागेला ‘सोपानाकृती’ म्हटलंय: विटालाकडाची, हातहात उंचीने चढणारी, रंगपीठ दिसेल अशी. ‘सोपानासने’ त्यावरून सहज करता येईल. मला स्वतःला तो शब्द उद्घाटनाच्या कोनशिलेवरचा वाटतो. माहितीपत्रकात ‘पायऱ्यांची बैठक’ किंवा ‘चढत्या रांगांची आसनं’ लिहा.

आणखी एक जण : ‘पायरी’ला माझी हरकत नाही, पण नुसता ‘टियर’ आला की सांभाळा. ‘थ्री-टियर स्टेडियम’मध्ये तीन पायऱ्या नसतात, एकावर एक तीन मजले असतात आणि प्रत्येकात कितीतरी रांगा. तिथे ‘तिमजली’च हवं.

प्रश्नकर्ती : हे लक्षातच आलं नव्हतं. मग ‘ब्लीचर्स’, ‘ग्रँडस्टँड’ आणि ‘टेरेस’?

उत्तर : ब्लीचर्स हा अमेरिकी बेसबॉलचा शब्द. उघड्यावरच्या, बिनपाठीच्या स्वस्त फळ्या. उन्हाने विटून पांढऱ्या पडायच्या म्हणून ते नाव. ‘उघडी बाकं’ पुरे. ग्रँडस्टँड म्हणजे बहुधा छप्पर असलेली, मोक्याची जागा. ‘मुख्य स्टँड’ लिहा. क्रिकेटच्या बातम्या वाचणाऱ्याला तिथे बसचा स्टँड आठवणार नाही.

टेरेसची मात्र ‘गच्ची’ करू नका! ब्रिटिश फुटबॉलमध्ये टेरेस म्हणजे उभ्याने सामना बघायच्या काँक्रीटच्या पायऱ्या. १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या हिल्सबरो मैदानात अशाच कुंपणबंद टेरेसवर चेंगराचेंगरी झाली, ९७ जणांचे जीव गेले. त्यानंतरच्या टेलर चौकशी अहवालामुळे वरच्या दर्जाच्या मैदानांत सगळीकडे आसनं आली. म्हणजे बसायचं की उभं राहायचं, हा फरक तिथे फार महत्त्वाचा आहे. ‘उभ्याच्या पायऱ्या’ म्हणा, ओबडधोबड वाटलं तरी चालेल.

प्रश्नकर्ती : शेवटचं एक. भिंतीकडे ढकलून बंद करता येणाऱ्या रांगांना मी ‘सरकत्या पायऱ्या’ लिहिलंय.

आणखी एक जण : वाचणारा सरकत्या जिन्यावर जाऊन उभा राहील.

उत्तर : ‘घडीच्या’ म्हणावं तर घडी होत नाही, एक रांग दुसरीखाली शिरते. ‘मिटती बैठक’ कसं वाटतं? छत्री मिटते, पंखा मिटतो, ही का नाही मिटणार? पहिल्यांदा येईल तिथे ‘भिंतीलगत मिटवता येणारी’ असं पूर्ण लिहा, पुढे नुसतं ‘मिटती’.