नुसत्या पैशावर नाही
अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टचा पहिला अल्बम म्हणजे बापाच्या पैशाची कमाल, असं काही जण म्हणतात. वडिलांनी त्या नव्याकोऱ्या रेकॉर्ड कंपनीत थोडे पैसे घातले होते, नाही कोण म्हणतं! पण 'अवर साँग' तिने नववीत असताना शाळेच्या टॅलेंट शोसाठी लिहिलं, एकटीने. गाण्यात काय, तर रात्री उशिरा प्रियकराचं फोनवर हळूहळू बोलणं, कारण त्याच्या आईला पत्ता लागायला नको. हे त्या वयातच सुचतं. तेच गाणं डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेतल्या कंट्री चार्टवर (कंट्री, म्हणजे तिकडच्या ग्रामीण धाटणीच्या गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत) पहिलं आलं, तेव्हा ती जेमतेम अठराची. अल्बम ऑक्टोबर २००६ चा, म्हणजे वर्ष उलटून गेलेलं! आवाज तेव्हा कच्चाच होता म्हणा, विशेषतः लाइव्ह.